चार्टर शाळेच्या मंडळावर कोणत्या पेशाची माणसे घ्यावीत

अमेरिकेतील चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, विद्यार्थ्यांकडून फी घेत नाही आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढून प्रवेश देते. मात्र तिचा कारभार स्थानिक शिक्षण मंडळाकडे नसून बहुतेक राज्यांत एका ना-नफा संस्थेच्या मंडळाकडे असतो. मुख्याध्यापकांची नेमणूक आणि मूल्यमापन, अंदाजपत्रकाची मंजुरी, इमारतीचा भाडेकरार, लेखापरीक्षकाची निवड आणि सनदेत (‘चार्टर’ म्हणजे शाळा चालवण्याची परवानगी देणाऱ्या करारात) कबूल केलेले शैक्षणिक निकाल प्रत्यक्षात येत आहेत की नाहीत यावर देखरेख, ही सगळी जबाबदारी या मंडळाची असते. सदस्यांना बहुधा मानधन नसते. दिवसभर आपापली नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून ते संध्याकाळच्या सभेत शाळेच्या कागदपत्रांसमोर बसतात, आणि म्हणूनच ते दिवसभर काय काम करतात याला महत्त्व येते. मंडळासाठी नवे सदस्य शोधणाऱ्यांना, तसेच ‘तुम्ही फायनान्समध्ये आहात, आमच्या बोर्डावर या’ असे आमंत्रण आलेल्या पालकांना उपयोगी पडावे म्हणून पुढील मांडणी केली आहे. तिचा रोख असा की सदस्याचा पेशा नावापुढच्या पाटीवरून मोजू नये. येत्या दोन-तीन वर्षांत शाळेपुढे जे निर्णय येणार आहेत त्यांच्याशी तो ताडून पाहावा.

या शाळांच्या मंडळांवर आज दिसणारी माणसे मूळ कल्पनेत नव्हती, हे आधी लक्षात घ्यावे. अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी १९८८ मध्ये ही कल्पना लोकांसमोर मांडली, तेव्हा नव्या पद्धती करून पाहणाऱ्या शिक्षकांच्या गटांना मोकळीक मिळावी असा त्यांचा विचार होता. मिनेसोटाने १९९१ मध्ये पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल येथे सिटी अकॅडमी ही पहिली चार्टर शाळा उघडली. त्यानंतर शाळांची संख्या वाढत गेली, जागा आणि भांडवल उभे करण्याचा प्रश्न मोठा झाला आणि त्याबरोबर बँकिंग, वकिली, सल्लागार सेवा आणि स्थावर मालमत्ता या क्षेत्रांतील माणसे मंडळांवर आली. न्यूयॉर्कमधील सक्सेस अकॅडमी या चार्टर शाळांच्या साखळीच्या उभारणीत जोएल ग्रीनब्लॅट आणि जॉन पेट्री या दोन गुंतवणूक व्यवस्थापकांचा पुढाकार होता. या बदलाला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही, पण ज्या मंडळावर वर्गात कधीच शिकवलेले कोणी नाही ते मंडळ निकालपत्रक वाचताना अडखळते, हेही तितकेच खरे.

मंडळ कोणते, हे आधी नक्की करावे

चार्टर शाळांच्या संदर्भात ‘बोर्ड’ म्हणताना दोन वेगळ्या संस्थांची गल्लत होते. एक शाळा चालवणारे मंडळ, आणि दुसरे शाळेला सनद देणारे, तिच्यावर देखरेख ठेवणारे आणि प्रसंगी सनद काढून घेणारे मंडळ. दुसऱ्या प्रकारात काही ठिकाणी स्थानिक शिक्षण मंडळ असते, काही ठिकाणी विद्यापीठ असते, तर काही ठिकाणी खास त्यासाठी नेमलेले राज्यस्तरीय मंडळ असते. वॉशिंग्टन डीसीच्या पब्लिक चार्टर स्कूल बोर्डावर सात सदस्य असतात. त्यांना महापौर सुचवतात आणि नगर परिषद मान्यता देते. ॲरिझोनात राज्याच्या चार्टर मंडळावर सर्वसामान्य नागरिकांबरोबर व्यापार क्षेत्रातील प्रतिनिधी, चार्टर शाळा चालवणारी एक व्यक्ती आणि चार्टर शाळेतील एक शिक्षक असावा, अशी कायद्यातच सोय आहे. म्हणजे तिथे पेशांचे मिश्रण कायद्यानेच ठरवले आहे. शाळेच्या स्वतःच्या मंडळाबाबत मात्र कायदा बहुधा थोड्याच गोष्टी सांगतो आणि बाकीचे मंडळावर सोडतो. पुढचे विवेचन या शाळा चालवणाऱ्या मंडळापुरते आहे.

परिचयपत्रे मागवण्याआधी आपल्या राज्याचा कायदा, शाळेची सनद आणि संस्थेची उपविधी, हे तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. मिनेसोटात मंडळावर शाळेतील किमान एक परवानाधारक शिक्षक, किमान एक पालक, आणि शाळेत नोकरी न करणारा व शाळेत मूल नसलेला किमान एक नागरिक असावा लागतो. डीसीत सदस्यसंख्या विषम आणि जास्तीत जास्त पंधरा ठेवावी लागते, बहुसंख्य सदस्य शहराचे रहिवासी असावे लागतात आणि किमान दोन पालक असावे लागतात. टेक्सासमध्ये बहुसंख्य सदस्य पात्र मतदार असणे आवश्यक आहे. ग्रीन कार्डवर राहणारा उमेदवार कितीही लायक असला तरी तो या बहुसंख्येत मोजला जात नाही, ही बाब स्थलांतरितांची वस्ती असलेल्या भागातील शाळांनी आधीच ध्यानात घ्यावी. मॅसॅच्युसेट्समध्ये चार्टर शाळेचे विश्वस्त विशेष राज्य कर्मचारी मानले जातात आणि त्यांना राज्याचा हितसंबंधविषयक कायदा लागू होतो. न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाने सनद दिलेल्या शाळांत कोणत्याही एका संस्थेशी संबंधित माणसे मंडळाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत असा दंडक आहे, त्यामुळे एकाच बँकेतील किंवा एकाच फाउंडेशनमधील सहकाऱ्यांनी मंडळ भरून टाकण्याची सोय तिथे उरत नाही. हे नियम राज्यागणिक इतके बदलतात की एका राज्यातील मित्राने दिलेला सल्ला दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा वापरू नये.

निर्णयांची यादी आधी, माणसांची नंतर

बहुतेक मंडळे एक तक्ता करतात. उभ्या ओळीत सदस्यांची नावे, आडव्या ओळीत वित्त, कायदा, शिक्षण, बांधकाम, निधी संकलन अशी क्षेत्रे, आणि जुळेल तिथे खूण. तक्ता चांगला आहे, पण तो उलट्या टोकाने भरला जातो असे माझे मत आहे. वकिलाच्या रकान्यात खूण पडली की कायद्याची बाजू सुरक्षित झाली असे सगळ्यांना वाटू लागते, आणि ते वकील आयुष्यभर पेटंटची कामे करीत आले आहेत याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याऐवजी शाळेच्या दिनदर्शिकेवरून सुरुवात करावी. सनदेचे नूतनीकरण कधी आहे, भाडेकरार कोणत्या वर्षी संपतो, मुख्याध्यापक निवृत्तीच्या जवळ आले आहेत का, विद्यार्थीसंख्या खाली येत आहे का, विशेष शिक्षणाबद्दल तक्रारी वाढल्या आहेत का, हे लिहून काढावे. ज्या शाळेचा भाडेकरार दीड वर्षात संपणार आहे तिला व्यापारी जागांचे करार हाताळलेला माणूस आत्ता हवा; ज्या शाळेचे मुख्याध्यापक बदलणार आहेत तिला वरिष्ठ पदांवर माणसे निवडण्याचा आणि त्यांचे मूल्यमापन करण्याचा अनुभव असलेला सदस्य हवा. हीच यादी तीन वर्षांनी काढली तर उत्तर वेगळे येईल, आणि ते तसे येणेच योग्य आहे.

वित्त क्षेत्रातील सदस्य

या जागेवर थोडे जास्त थांबणे भाग आहे, कारण चार्टर शाळा बंद पडण्यामागे पैशाची आणि पटसंख्येची तंगी हे नेहमी आढळणारे कारण आहे. शाळेला मिळणारा निधी विद्यार्थीसंख्येवर, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सरासरी दैनंदिन उपस्थितीवर अवलंबून असतो. वर्ग भरले नाहीत तरी शिक्षकांचे पगार आणि भाडे कमी होत नाही.

गुंतवणूक बँकेतील अधिकारी आणि ना-नफा संस्थेचे हिशेब पाहिलेला लेखापाल हे दोघे वित्त क्षेत्रातलेच, पण शाळेसाठी त्यांचा उपयोग सारखा नाही. पहिल्याला देणगीदार आणि कर्जरोखे यांची वाट ठाऊक असते. दुसऱ्याला एखादे अनुदान कोणत्या कामासाठी राखीव आहे आणि ते पगाराकडे वळवता येते का, हे कळते. उमेदवाराची पारख करायची असेल तर त्याच्यापुढे एक साधे पत्रक ठेवावे. समजा, अंदाजपत्रक ४०० विद्यार्थी गृहीत धरून मंजूर झाले आणि प्रत्यक्षात ३७२ आले. घसारा वगळून वर्षाचा खर्च ६० लाख डॉलर आहे आणि हातात ७ लाख ४० हजार डॉलर रोख आहेत. खर्चाला ३६५ ने भागले की दिवसाला सुमारे १६,४४० डॉलर लागतात, म्हणजे हातातली रोकड ४५ दिवस पुरेल. सनद देणाऱ्या संस्थांची राष्ट्रीय संघटना आपल्या नमुना निकषांत ६० दिवसांची रोकड मागते, किंवा ३० ते ६० दिवसांची असल्यास ती मागील वर्षापेक्षा वाढलेली असावी असे म्हणते. पटसंख्या अंदाजाच्या किमान ९५ टक्के असावी, अशीही तिची अपेक्षा आहे, आणि इथे ती ९३ टक्के आहे. अनुभवी सदस्य हे आकडे पाहून पहिला प्रश्न असा विचारतो की मागच्या वर्षी याच तारखेला रोकड किती दिवसांची होती, आणि दुसरा प्रश्न असा की कमी आलेले २८ विद्यार्थी एकाच इयत्तेतले आहेत की सगळ्या इयत्तांत विखुरलेले. एका इयत्तेतले असतील तर एक वर्ग कमी करता येतो. विखुरलेले असतील तर खर्च जवळपास तेवढाच राहतो. ज्याला दुसरा प्रश्न सुचतो त्याला शाळेचे अर्थकारण कळते, मग त्याच्या परिचयपत्रावर कोणत्याही कंपनीचे नाव असो.

कोषाध्यक्षाने शाळेचे हिशेब स्वतः लिहायला बसू नये, हेही आरंभीच स्पष्ट करावे. लहान शाळांत हा मोह फार असतो. हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकच झाला की तपासणीला अर्थ उरत नाही.

कायदा, शिक्षण आणि बाकीची क्षेत्रे

मंडळावरील वकील हा शाळेचा वकील नसतो. त्याने एखाद्या करारावर सभेत दिलेले मत सदस्य या नात्याने असते. शाळेची बाजू मांडण्यासाठी स्वतंत्र वकील नेमावा लागतो. शाळा एखाद्या व्यवस्थापन कंपनीच्या हाती असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण करार त्या कंपनीशी आणि वकीलही त्या कंपनीने सुचवलेला, अशी जोडी मंडळाच्या गळ्याशी येते. मंडळावरील वकिलाचे खरे काम बाहेरच्या सल्ल्याची गरज कधी आहे हे ओळखणे आणि मिळालेला सल्ला इतर सदस्यांना समजावून सांगणे हे आहे. नोकरीविषयक कायदा, ना-नफा संस्थांचा कायदा किंवा शिक्षणविषयक कायदा यांपैकी कशाचा तरी अनुभव असेल तर तो उपयोगी पडतो.

शिक्षण क्षेत्रातून घेताना निवृत्त मुख्याध्यापक ही मंडळांची आवडती निवड असते. ती चुकीची नाही, पण असा सदस्य सध्याच्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीत डोकावू लागण्याचा धोका असतो, म्हणून ज्याने आपली शाळा सोडून निदान काही वर्षे झाली आहेत आणि ज्याला आता चालवण्याची हौस उरलेली नाही अशी व्यक्ती बरी. माझ्या मते विशेष शिक्षणाचा जाणकार ही सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयीचा संघराज्य कायदा आणि १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ चार्टर शाळांनाही पूर्णपणे लागू आहेत. शाळा कायद्याने स्वतंत्र शिक्षण जिल्हा (एरवी स्थानिक सरकारी शाळा चालवणारे प्रशासकीय एकक) गणली जात असेल, तर या मुलांना सेवा देण्याची जबाबदारी आणि तिचा खर्च थेट तिच्याच अंगावर येतो. मूल्यमापनाच्या मुदती, वैयक्तिक शिक्षण आराखडे आणि थेरपिस्टची उपलब्धता यांबद्दल सभेत एकही प्रश्न न येणे ही कारभार सुरळीत असल्याची खूण नसते. बहुधा विचारणारे कोणी नसते.

स्थावर मालमत्तेचा जाणकार जागेचा प्रश्न समोर असेल तेव्हा अत्यंत मोलाचा ठरतो, कारण अनेक राज्यांत चार्टर शाळांना इमारतीसाठी जिल्हा शाळांसारखा निधी मिळत नाही. मनुष्यबळ व्यवस्थापन आणि जनसंपर्क या क्षेत्रांतील एखादा सदस्य असावा. त्याबद्दल फार वाद होत नाही. संगणक अभियंत्यांना मात्र मंडळावर घेताना एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी लागते: शाळेचे नेटवर्क दुरुस्त करण्यासाठी त्यांना बोलावलेले नाही. माहितीच्या सुरक्षेविषयी, विद्यार्थ्यांच्या नोंदी कोणत्या कंपनीकडे जातात याविषयी आणि निकालांच्या आकडेवारीत काय दडले आहे याविषयी त्यांनी प्रश्न विचारावेत, ही अपेक्षा आहे. देणगीदारांशी ओळखी असलेला सदस्य सगळ्यांना हवासा वाटतो, पण मोठी देणगी देणाऱ्याच्या मतापुढे बाकीचे गप्प बसत असतील तर ती देणगी महाग पडली असे समजावे.

पालक आणि शिक्षक सदस्य यांना पेशाच्या रकान्यात बसवण्याचा खटाटोप करू नये. शाळेची बस ठरल्या वेळी येत नाही, हे मंडळाला आधी कळते ते पालकाकडून. त्यांची जागा या माहितीसाठी आहे, आणि योगायोगाने ते लेखापाल निघाले तर तो वरचा लाभ.

हितसंबंध

पेशा जितका शाळेच्या गरजेला जवळचा, तितका हितसंबंधाचा धोका मोठा. ज्याला बांधकाम कळते त्याचीच बांधकाम कंपनी असते. ज्याला विमा कळतो तोच विमा विकतो. ओहायोतील इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो ही मोठी ऑनलाइन चार्टर शाळा जानेवारी २०१८ मध्ये वर्षाच्या मध्यावरच बंद झाली. प्रत्यक्षात न शिकलेल्या तासांसाठी घेतलेला निधी परत करण्याचा आदेश तिला झाला होता, आणि शाळेला सेवा पुरवणाऱ्या कंपन्या तिच्या संस्थापकाच्याच होत्या. सक्षम आणि स्वतंत्र मंडळाने हे दोन्ही प्रश्न वेळेत विचारायला हवे होते.

सर्वसाधारण रीत अशी की संबंध असलेल्या सदस्याने तो जाहीर करावा, चर्चेच्या वेळी बाहेर जावे, मतदान करू नये आणि हे सगळे इतिवृत्तात नोंदवावे. कॅलिफोर्नियात एवढ्याने भागत नाही. २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने चार्टर शाळांना खुल्या सभांचे, सार्वजनिक नोंदींचे आणि हितसंबंधांचे नियम स्पष्टपणे लागू केले. त्यांतील सरकारी संहितेच्या कलम १०९० नुसार एखाद्या सदस्याचा करारात आर्थिक संबंध असेल, तर काही अपवाद सोडता, तो सदस्य बाजूला झाला तरी मंडळाला तो करार करता येत नाही. म्हणून तिथे उमेदवाराला घेण्यापूर्वीच त्याची कंपनी, त्याच्या जोडीदाराची कंपनी आणि शाळेचे चालू करार एकमेकांशी ताडून पाहावेत.

पडताळणी आणि मुलाखत

आमंत्रण आलेल्या व्यक्तीने आणि बाहेरून पाहणाऱ्या पालकाने सध्याचे मंडळ कसे आहे हे कागदांवरून तपासावे. शाळा फॉर्म ९९० (करमुक्त संस्थांनी अमेरिकेच्या कर खात्याला दरवर्षी द्यायचे विवरणपत्र) भरत असेल तर त्याच्या सातव्या भागात संचालकांची नावे, आठवड्याला दिलेले सरासरी तास आणि मोबदला असतो. सहाव्या भागात संचालकांमध्ये आपसात कौटुंबिक किंवा व्यावसायिक नाते आहे का, याचे उत्तर असते. आणि त्याला जोडलेल्या शेड्यूल एल या परिशिष्टात संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार नोंदवलेले असतात. मागील तीन वर्षांचे फॉर्म मागणाऱ्याला दाखवणे संस्थेला बंधनकारक आहे. त्याच्या जोडीला वर्षभराची इतिवृत्ते वाचावीत. संकेतस्थळावर भारदस्त परिचय असलेला सदस्य बारा सभांपैकी सात सभांना गैरहजर असेल, तर त्याचा पेशा शाळेच्या काही कामाचा नाही.

मुलाखतीत पदव्यांबद्दल विचारण्यात वेळ घालवू नये, त्या परिचयपत्रात असतातच. उमेदवाराने आपल्या कामात वरिष्ठांच्या प्रस्तावाला कधी नकार दिला आणि तो कसा मांडला, हे विचारावे. मागील लेखापरीक्षण अहवालाची प्रत आदल्या आठवड्यात पाठवावी आणि त्यातील कोणती गोष्ट खटकली हे विचारावे; ज्याने तो उघडलाच नाही त्याचे उत्तर तिथेच मिळते. मुख्याध्यापकांशी मतभेद झाला तर तो सभेत मांडणार की शिक्षकांच्या खोलीत, हाही प्रश्न थोडा आडून का होईना विचारावा.

एखाद्या कौशल्याची गरज आहे पण ती व्यक्ती पूर्ण सदस्यत्वाचा भार घेण्यास तयार नाही, अशा वेळी राज्याचे नियम आणि उपविधी परवानगी देत असतील तर तिला केवळ वित्त किंवा इमारत समितीवर घ्यावे. वर्षभरात तिचे काम दिसते, तिलाही शाळा कळते, आणि सदस्यत्वाचा निर्णय दोन्ही बाजूंनी माहितीवर होतो. सदस्यांच्या मुदती एकाच वर्षी संपणार नाहीत अशा बेताने ठरवाव्यात. बहुतेक शाळांचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपते आणि लेखापरीक्षित हिशेब न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबरपर्यंत, तर कॅलिफोर्नियात १५ डिसेंबरपर्यंत द्यावे लागतात. त्यामुळे कोषाध्यक्षाची मुदत जूनमध्ये न संपवता हा अहवाल सादर झाल्यावर संपवावी, आणि त्याच्या जागी येणाऱ्या सदस्याला त्या वर्षीच्या लेखापरीक्षकाबरोबरच्या बैठकांना आधीपासूनच बसवावे.